गं. भा.

पत्र्याच्या ट्रंकेत आत्याच्या लग्नाची पत्रिका सापडली. १९७४ सालची. कागद पिवळा पडलेला, कोपऱ्यांवरची कुंकवाची बोटं तपकिरी झालेली. वर कुलदैवत प्रसन्न, त्याखाली थोरल्या काकांचं नाव, आणि त्याच्याही खाली बारीक टायपात आजीचं. नावाआधी दोन अक्षरं: गं. भा.

आजीला अक्षरओळख नव्हती. छापखान्यातून पत्रिका आल्या तेव्हा आत्यानेच तिला वाचून दाखवली. आपलं नाव आल्यावर आजीने थांबवलं आणि विचारलं, "माझ्या म्होरं काय लावलंय गं?" आत्या म्हणाली, गंगा भागीरथी. आजी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "गंगा? मी तर किस्नामाईच्या काठची. मला कुणी दावली गंगा?"

आत्या आता सत्तरीच्या पुढे आहे. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण त्यापुढची गोष्ट तिला आठवते. लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा पत्रिकेत नाव छापलेली ही आई मांडवात नव्हती. ती सैपाकघराच्या उंबऱ्याआत उभी होती. मूठभर अक्षता तिने तिथूनच टाकल्या. त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत, मधल्या सोप्यातच सांडल्या.

पत्रिका पाहिल्यापासून ती दोन अक्षरं माझ्या डोक्यातून जात नाहीत. आपल्या भाषेत बाईच्या नावाआधी तिची अवस्था लिहायची फार जुनी सवय आहे. लग्नाआधी कु., लग्नानंतर सौ., नवरा गेला की श्रीमती किंवा गं. भा. पुरुष चि. चा एकदा श्री. झाला की झाला. त्याची बायको गेली तरी त्याच्या नावाला काही होत नाही. जुन्या पत्रांच्या मायन्यात सवाष्णीला ‘सौभाग्यवती वज्रचुडेमंडित’ लिहायचे, म्हणजे जिच्या हातातला चुडा वज्राचा, कधी न फुटणारा. आणि तो फुटलाच, तर तिला नदीचं नाव. गंगा भागीरथी, गंगेसारखी पवित्र.

हे अपमान करायला कुणी लावत नव्हतं, हे मला कळतं. ज्याने पत्रिकेचा मजकूर लिहिला त्याने आदरानेच लिहिलं असणार. नुसतं ‘विधवा’ म्हणणं ज्या काळात शिवीच्या जवळ जायचं, त्या काळात कुणाला तरी वाटलं असेल की या बाईला काहीतरी चांगलं म्हणावं, आणि आपल्याकडे गंगेहून चांगलं दुसरं काय? पण गंगा इथे का आली, त्याची कथाही सगळ्यांना ठाऊक आहे. सगराचे साठ हजार मुलगे जळून राख झाले होते. त्यांना मुक्ती मिळावी म्हणून भगीरथाने तिला खाली आणलं, म्हणून ती भागीरथी. राखेवरून वाहण्यासाठी आलेली नदी. ते नाव जिला दिलं तिने आपलं उरलेलं आयुष्य कशासाठी वाहायचं, हे त्या नावातच सांगून टाकलेलं आहे. पावित्र्य दिलं, पण तेवढंच दिलं. तिचं घर कुठलं, शेत कुठलं, दोन वेळचं कोण घालणार, यातलं एक अक्षरही त्या नावात नाही.

नावात हे सगळं असू शकतं, हे मला फार उशिरा कळलं. तेही आजीच्या पाठीमुळे.

शेवटच्या पाचसहा वर्षांत आजी कंबरेच्या वर पुढे झुकत गेली. मानेखाली पाठीला गोलसर पोक आलं. बाबा तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मी बरोबर होते. डॉक्टरांनी क्ष-किरणाची फिल्म उजेडावर धरली, हाडं ठिसूळ झालीत म्हणाले, आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "डावेजर्स हंप." मी नुकतीच कॉलेजला जायला लागले होते. घरी येऊन शब्दकोश उघडला. डावेजर म्हणजे सरदार-उमरावाच्या घरची विधवा. राजा गेला की डावेजर राणी, उमराव गेला की त्याची डावेजर उमरावीण. त्या बायका म्हाताऱ्या, वाकलेल्या, म्हणून तसल्या पोकाला तिकडच्या डॉक्टरांनी त्यांचं नाव दिलं. हल्ली डॉक्टर ते फारसं वापरत नाहीत. माझ्या आजीला इंग्रज सरदारणीचं पोक आलं होतं, एवढंच तेव्हा मी डायरीत लिहून ठेवलं.

पुढे कितीतरी वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून सूचना आली की ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा प्रस्ताव तयार करावा. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. प्रस्तावावर चर्चा चालू आहे, निर्णय झालेला नाही, असा खुलासाही झाला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो सोपा आला, सांडलेल्या अक्षता आल्या. आणि का कोण जाणे, डायरीतला तो डावेजर आठवला. यावेळी नुसत्या अर्थावर न थांबता मी शब्दाच्या मुळाशी गेले.

शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, साधारण पाचशे वर्षांपूर्वी. फ्रेंचमध्ये ‘दुएर’ म्हणजे विधवेचा वाटा. त्याच्या मागे लॅटिन ‘दोस’, म्हणजे लग्नात दिलं जाणारं धन. आणि ‘दोस’च्या मागे जो धातू आहे तो आपल्याला अगदी घरचा: दा, देणे. दान, दाता, हे सगळे त्याचेच. म्हणजे डावेजर या शब्दाचा सरळ अर्थ ‘जिला दिलेलं आहे ती’. जिच्याकडे नवऱ्याच्या मिळकतीतला वाटा आहे अशी बाई. म्हातारपण, रुबाब, मोत्यांचे सर, हे सगळं त्या शब्दाला नंतर चिकटलं. मूळ शब्द सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखा आहे.

मला हे वाचून अक्षरशः उठून उभं राहावंसं वाटलं. विधवा हा शब्दसुद्धा या दोन्ही भाषांचा एकच आहे. लॅटिनमध्ये ‘विदुआ’, रशियनमध्ये ‘व्दोवा’, इंग्रजीत ‘विडो’. आपल्याकडे शाळेत शिकवतात की धव म्हणजे नवरा, तो गेला म्हणून वि-धवा. अभ्यासक म्हणतात ते उलट आहे: विधवा हा शब्द आधीचा, त्याची चुकीची फोड करून ‘धव’ मागाहून तयार झाला. म्हणजे तिच्यातून तो निघाला! एकाच मुळापासून निघालेल्या त्या विधवेला तिकडे एक नाव मिळालं आणि इकडे दुसरं. तिकडच्या नावाने तिला काय दिलं ते लिहून ठेवलं, इकडच्या नावाने ती कशी राहील ते.

तिकडचं देणं कसं होतं, तेही सांगते, कारण ते फार नेमकं आहे. मध्ययुगात इंग्लंडात लग्नाचा एक भाग चर्चच्या आत नाही, दाराशी व्हायचा. लोकांसमक्ष, दारात उभं राहून, नवरा सांगायचा की माझ्यामागे हिला माझ्या मिळकतीतलं अमुक मिळेल. लग्नाच्याच दिवशी, पहिल्याच पायरीवर, वैधव्याची तरतूद. आपल्याकडे हे अशुभ ठरलं असतं. त्या दिवशी तसा विचारही मनात आणायचा नाही, आणि म्हणूनच तो दिवस येतो तेव्हा कुणी काही ठरवलेलंच नसतं.

१२१५ साली इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी मॅग्ना कार्टा लिहून घेतला. त्याचं सातवं कलम विधवेचं आहे. नवरा गेल्यावर तिचा वाटा तिला विनाअडथळा मिळावा, त्यासाठी तिच्याकडून काही घेऊ नये, आणि तिला चाळीस दिवस नवऱ्याच्या घरात राहता यावं, तेवढ्यात तिचा वाटा काढून द्यावा. आठवं कलम म्हणतं, तिला नवऱ्याशिवाय राहायचं असेल तर कुणी तिला लग्नाची सक्ती करू नये. दोन वर्षांनी सनद पुन्हा काढली त्यात वाटाही स्पष्ट झाला: नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा, तिच्या हयातीपर्यंत. चाळीस दिवस! आमच्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण झालं की पाहुणे पांगतात, आणि चौदाव्या दिवशी बाईला कळतं की चुलीवरचं भांडंसुद्धा आता विचारून उतरवायचं आहे.

तिकडे सगळं आलबेल होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. कलम लिहावं लागलं, याचाच अर्थ विधवांना लुबाडलं जात होतं. राजे श्रीमंत विधवांची लग्नं विकत, आणि लग्न नको असेल तर तिलाच पैसे मोजावे लागत. वाटा मिळाला तरी तो मरेपर्यंतचा, विकायचा नाही. पुढे १८३३ च्या कायद्याने तो हक्क पातळ झाला आणि १९२५ मध्ये मोडीतच निघाला. मागे उरलं ते नाव, आणि मोठ्या वाड्याच्या आवारात सुनेच्या संसारापासून वेगळं बांधलेलं सासूचं घर.

आणि नाव तर शस्त्रासारखंही वापरता येतं. आठव्या हेन्रीची पहिली राणी, स्पेनची कॅथरिन. तिचं आधीचं लग्न हेन्रीच्या थोरल्या भावाशी, आर्थरशी झालं होतं. १५०१ च्या नोव्हेंबरात लग्न आणि पुढच्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांचा आर्थर गेला. तिचा हुंडा किती दिला, किती राहिला, यावर दोन राजे भांडत बसले आणि ती मुलगी परक्या देशात अडकून पडली. १५०९ मध्ये हेन्रीने तिच्याशी लग्न केलं. चोवीस वर्षांनी त्याला दुसरी राणी करायची होती, म्हणून त्याने कॅथरिनशी झालेलं लग्न मुळातच रद्द ठरवून घेतलं. मग ती कोण? तर आर्थरची विधवा. तिला फर्मावलं गेलं, यापुढे स्वतःला राणी म्हणवायचं नाही, ‘प्रिन्सेस डावेजर’ म्हणवायचं.

१५३३ च्या जुलैमध्ये हे सांगायला माणसं तिच्याकडे गेली. ती आजारी होती. त्यांनी लिहून आणलेला वृत्तांत तिने मागून घेतला, लेखणी आणि शाई मागवली, आणि जिथे जिथे ‘प्रिन्सेस डावेजर’ लिहिलं होतं तिथे तिथे ते खोडून टाकलं. पुढे आडबाजूच्या एका किल्ल्यात, १५३६ च्या जानेवारीत ती वारली आणि पीटरबरो इथे तिला पुरलं ते डावेजर म्हणूनच. आज त्या कबरीवर सोनेरी अक्षरांत ‘इंग्लंडची राणी’ लिहिलेलं आहे.

खोडण्याच्या त्या रेघांचा विचार मी पुष्कळ केला आहे. वाट्याचा हक्क सांगणारा एवढा चांगला शब्द, पण तोच तिच्यापासून सगळं काढून घ्यायला वापरला गेला. तिने तो घेतला नाही. आजीच्या हातात लेखणी असती तर तिने काय केलं असतं?

आपल्याकडे असा वाट्याचा शब्द नव्हताच का, हे शोधताना मला जे सापडलं त्याने मला सगळ्यात जास्त हलवलं. शब्द होता. तो आपण रोज वापरतो आणि आपल्याला पत्ताही नाही. ‘खासगी’. खासगी शाळा, खासगी बस, खासगी दवाखाना. मराठेशाहीत खासगी म्हणजे राज्याच्या दौलतीहून वेगळं, घरच्या खर्चाचं उत्पन्न. होळकरांच्या घरात त्याला फार मोठा अर्थ आला. १७३४ मध्ये थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नीच्या, गौतमाबाईंच्या नावाने वेगळी जहागीर लावून दिली. ती होळकरांची खासगी. नवऱ्याच्या फौजेच्या हिशेबात न मिसळणारं, बाईच्या नावाचं उत्पन्न. एरवीही मोठ्या घरच्या लेकीसुनांना ‘चोळी-बांगडीसाठी’ म्हणून गावं दिलेली असत, पण ही त्याहून पुष्कळ मोठी गोष्ट होती.

ही खासगी गौतमाबाईंनंतर अहिल्याबाईंकडे आली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले होते आणि सती जायला निघालेल्या अहिल्याबाईंना सासऱ्यांनी अडवलं होतं. पुढे १७६६ मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात मुलगा मालेराव गेला. दत्तक घ्यावा आणि कारभार आपल्याकडे सोपवावा अशी दिवाणांची खटपट चालली होती, आणि राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले होते. त्या बाईने कारभार सोडला नाही, १७९५ पर्यंत केला. आणि काशी, गया, सोमनाथ, घाट, विहिरी, धर्मशाळा, हे जे देशभर उभं राहिलं ते दौलतीच्या पैशातून नाही, या खासगीतून. काशीला जाऊन आलेली किती मराठी माणसं सांगतात की हे अहिल्याबाईंनी बांधलं. ते एका बाईच्या नावावर लावलेल्या उत्पन्नातून उभं राहिलं, हे कुणीतरी मुलांना सांगायला हवं. गंगेच्या काठी उभी राहिलेली ही खरी गंगा भागीरथी, आणि तिच्या हाताशी तिचं स्वतःचं धन होतं.

राजमाता हा आपला दुसरा शब्द. तो मला आवडतो, पण तो मुलाकडून येतो. मुलगा गादीवर असेल तर. डावेजर नवऱ्याच्या मिळकतीकडून येतो. गं. भा. कुठूनच येत नाही.

कायद्यानेही आपल्याकडे हे फार सावकाश सुधारलं. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाह करता येऊ लागला, पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला हक्क काढून घेतला. १९३७ मध्ये विधवेला मुलाच्या बरोबरीने वाटा आला, पण हयातीपुरता. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला तेव्हा कुठे तिला वाटा पूर्ण मालकीने मिळाला: बायको, मुलगा, मुलगी, आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस.

आजोबा १९६१ मध्ये गेले. कायदा होऊन पाच वर्षं झाली होती. म्हणजे ज्या दिवशी आजीचं कुंकू पुसलं, त्या दिवशी ती कायद्याने मालकीण झाली होती.

पत्रिका ज्या ट्रंकेत होती त्याच ट्रंकेत जुना फेरफाराचा उतारा आहे. बोरूसारख्या जाड निबाने लिहिलेला. मयत खातेदाराचे वारस म्हणून मुलांची नावं. थोरल्या काकांच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, एकत्र कुटुंब मॅनेजर. ते तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आत्याचं नाव नाही. आजीचं नाव आहे, पण उजवीकडे, ‘इतर हक्क’ या रकान्यात, अन्नवस्त्रापुरतं. त्याच रकान्यात तिच्या नावाखाली सोसायटीचा बोजा लिहिलेला आहे. जमिनीवरचं कर्ज आणि आजी, दोघांना एकच रकाना. सोसायटीचं ते कर्ज फिटलं तेव्हा त्याला आडवी रेघ मारलेली दिसते. ते फेडायला पहाटे मोटेवर आजीच उभी राहायची, हे उताऱ्यात कुठे लिहिलेलं नाही.

हे कुणी वाईट बुद्धीने केलं असं मला वाटत नाही. तशीच पद्धत होती. काकांनी आजीला कधी अंतर दिलं नाही, आत्याचं लग्न त्यांनीच लावलं, आणि पत्रिकेत आईचं नाव मोठ्या मानाने, गं. भा. लावून, त्यांनीच छापून घेतलं. मान होताच. मला फक्त तो रकाना दिसत राहतो.

गेल्या वर्षी बाबा गेले. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, त्याची बातमी बाबांनीच आईला मोठ्याने वाचून दाखवली होती आणि म्हणाले होते, "माझ्या माघारी तुझ्या बांगड्यांना कुणाला हात लावू देऊ नकोस." तिने दिला नाही. आमच्या भावकीतल्या दोघी जणी पुढे आल्या होत्या, आईने हात पदराखाली घेतले.

वारस नोंदीचा अर्ज भावाने भरला. आई, मी आणि तो, तीन वारस, प्रत्येकी तिसरा हिस्सा. नावाआधी काय लावू म्हणून त्याने आईला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "नाव लिही की," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी उतारा आला. आईने चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला आणि बोट ठेवून वाचायला लागली. पहिलं नाव तिचं. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, सगळं तिने सावकाश वाचलं. मग उजवीकडच्या रकान्यावर आली आणि थांबली. मला वाटलं तिला आजी आठवली.

"विहीर कुठं आहे?" तिने विचारलं.

भाऊ म्हणाला, कसली विहीर.

"ओढ्याकडची. तुझ्या बाबांचा निम्मा हिस्सा होता त्यात. तो चढवलाच नाही ह्यांनी." तिने उतारा घडी करून त्याच्या हातात दिला. "उद्या परत जा."